‘शोले’तील सांजवेळ आणि मंद फिल्म

हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’पटांचा वारसा सांगणारा ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रमेश सिप्पी, तर छायाचित्रणकार द्वारका दिवेचा. कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ परिसरात त्याचे चित्रीकरण झाले. त्यातील राधा आणि दिव्यांच्या दोन छोट्या दृश्यांना सुमारे २० दिवस लागले. कारण होते प्रकाशाचे.

फिल्मवरील रजत-लवणांचे कण जितके मोठे, तितकी ती मंद प्रकाशातही संवेदनशील; मात्र चित्र रवाळ होते. कोडॅकने १९६८ मध्ये आणलेल्या ५२५४ या रंगीत निगेटिव्हची संवेदनशीलता १०० एएसए होती. दिवसाच्या प्रकाशासाठी नारिंगी फिल्टर लावला की ती ६४ वर येई. कोडॅकची ५०० एएसएची रंगीत निगेटिव्ह १९८९ मध्ये आली. त्यातच ‘शोले’ ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीवर विस्तारण्यात आला; त्यामुळे रवाळपणाही वाढण्याची भीती होती.

सांजवेळी आकाश फार उजळ असेल, तर दिव्याची ज्योत फिकी दिसते. फार काळवंडले, तर भोवतालचा परिसर निगेटिव्हवर उमटतच नाही. दोहोंचा मेळ काही मिनिटेच टिकतो. लंडनमध्ये जूनमधला संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो; बुलढाण्याच्या अक्षांशावर तो २२ ते २५ मिनिटांत ओसरतो, आणि आणखी दक्षिणेकडील रामनगरात त्याहूनही लवकर. एखादा शॉट फसला, की पुढची संधी दुसऱ्या दिवशी.

भर दुपारी कमी एक्स्पोजर देऊन रात्रीचा आभास निर्माण करणे, हा वेस्टर्नपटांचा जुना उपाय होता. ‘मॅककेब अँड मिसेस मिलर’ (१९७१) साठी विल्मोस झिगमंड यांनी निगेटिव्हला आधीच किंचित प्रकाश दाखवून सावल्यांतील तपशील उचलून घेतला. ‘शोले’ने खऱ्या सांजवेळेचीच वाट पाहिली.

मूळ निगेटिव्ह पुढे खराब झाली. अन्य प्रतींच्या आधारे पुनरुज्जीवित केलेला ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आला. ओरखडे पुसता येतात, उडालेले रंगही परत आणता येतात. पण फिल्मवर न उमटलेला प्रकाश कोणत्याही तंत्राने परत मिळत नाही. त्या २० दिवसांचे मोल त्यातच आहे.