सायंकाळी सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. सन २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, या गावातील स्त्रियांची सभा भरली आणि तीत एक भोंगा विकत घेण्याचे ठरले. सायंकाळी सात वाजता देवळावरील तो भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी वाचावे वा एकमेकांशी बोलावे. साडेआठला तो पुन्हा वाजला की ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे वागावे, असा हा नियम. करोनाकाळात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही शिक्षकांची तक्रार त्यामागे होती. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी दारोदार जाऊन लोकांचे मन वळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने याहून कठोर पाऊल उचलले. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या मोबाईल वापरावरच तिने बंदी घातली.

मुलाने किती वेळ पडद्यासमोर बसावे, हा वास्तविक आईवडिलांचा प्रश्न. मग तो गावाने का हाती घ्यावा? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशात दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ उजाडले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तेथे एका गावाला एक सार्वजनिक संच असे. सकाळी मुलांसाठी, सायंकाळी मोठ्यांसाठी. काय पाहायचे हे सरकार ठरवी, कोठे बसून पाहायचे हे गाव ठरवी. आईवडिलांनी ठरविण्याजोगे फारसे काही उरतच नव्हते.

१९८२ साली रंगीत चित्र आले आणि हळूहळू संच घरात शिरला. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या वयाची मुले रविवारची मिस्सा आटोपताच ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीकडे धावत. परंतु वाहिनी एकच होती आणि कार्यक्रम संपला की पडदाही विझत असे. १९९१-९२ पासून उपग्रह वाहिन्या आल्या आणि तो विझेनासा झाला. परीक्षेच्या दिवसांत केबल काढून टाकणारे पालक आपल्याला आठवत असतील. त्या पालकांच्या हाती निदान एक तार तरी होती!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालच्या समाजसंपर्क दिनाचा संदेश ‘दूरदर्शन आणि कुटुंब’ याच विषयाला वाहिला. संचाचा दाईसारखा उपयोग करणारे पालक मुलांचे प्रथम शिक्षक ही आपली भूमिकाच सोडून देतात, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. व्यासपीठावरून तो विचार मीही मोठ्या तळमळीने सांगत आलो.

पुढे २०१६ पासून डेटा स्वस्त झाला आणि पडदा खिशात मावू लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळेने फोन मागितला, आणि देवळानेही. मिस्सा फोनवर, धर्मशिक्षण फोनवर. ‘मुलांना फोन द्या, बापहो’, असे सांगणाऱ्यांत मीही होतो. घरातल्या अल्तारीशेजारी फोनला जागा आम्हीच दिली. आज त्याच पालकांना दोष देताना जीभ अडखळते.

वडगावचा भोंगा शाळकरी मुलांसाठी आहे. पण दीड-दोन वर्षांच्या बाळाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षे पुरी होईतो पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासाहून अधिक नको. कारण या वयात मुलाला धावणे, झोपणे आणि माणसाशी बोलणे यांची गरज असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मतही साधारण हेच आहे.

हे सारे खरे. पण भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावी धानाची रोवणी सुरू असताना दिवसभर चिखलात वाकलेली आई घरी येते, चूल पेटवायची असते, मूल रडत असते. तिच्यापुढे संघटनेचे पत्रक नसते. हाताशी फोन असतो. ती निर्णय घेते असे म्हणण्यापेक्षा थकवा तिच्या वतीने निर्णय घेतो. आणि बाप? बहुधा तो आपल्या फोनमध्ये असतो.

वडगावच्या प्रयोगाचे मर्म मला येथेच दिसते. तो नियम केवळ मुलांना नव्हता. बापाचा फोन आणि आजीची मालिकाही त्याच भोंग्याने थांबली. शिवाय, शेजारच्या घरीही संच बंद असल्यामुळे ‘त्याला मिळते, मग मला का नाही?’ हा मुलाचा प्रश्नच मिटला. पूर्वी गावाचा असलेला निर्णय एकेका घरावर पडला, मग एकट्या आईच्या खांद्यावर. वडगावने तो पुन्हा वाटून घेतला. केवळ मुलांवरील बंदीने हे साधत नाही. जे मोठे पाळत नाहीत ते मुले लपून मोडतात.

आपल्या धर्मग्रामात भोंगा बसवावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु एका आळीतील चार घरांनी एकत्र बसून एक वेळ ठरविणे अवघड नाही. रोझरी आणि जेवण या दोन वेळा तरी सर्वांचेच फोन एका टोपलीत जावेत, धर्मगुरू पाहुणा असेल तर त्याचाही. आई चुलीपाशी असेल तेव्हा बापाने बाळाला कडेवर घेऊन अंगणात जावे, त्याला चिमणी दाखवावी, गाय दाखवावी. फोन हाती देण्याची वेळ मग बहुधा येतच नाही.