बिकानेर ते जैसलमेर सायकलवर जायचंय? आधी पाण्याचा हिशोब करा

राजस्थानात थरच्या वाळवंटातून जाणारा बिकानेर-जैसलमेर रस्ता सुमारे ३३० किलोमीटरचा आहे. रस्ता डांबरी, मोठे चढ नाहीत. पण गावं लांब लांब. म्हणून बेत पाण्यावरून ठरवावा.

कधी जावं : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच वाटेवरच्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. थंडीत वारा बहुधा ईशान्येकडून येतो. बिकानेरहून निघालं तर तो पाठीशी राहतो.

मुक्काम (अंदाजे अंतर) : कोलायत ५० किमी, तिथून फलोदी ११५, पोकरण ६०, जैसलमेर ११०.

पाणी : तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. कोलायत-फलोदी टप्पा ताशी १८ किमीने साडेसहा तासांचा, म्हणजे जवळ पाच लिटर हवं. इंदिरा गांधी कालव्याच्या भागात मोहरी, हरभरा, भुईमूग पिकतो. शेतात कालव्याचं पाणी साठवायच्या ‘डिग्ग्या’ दिसतात. ते पाणी न उकळता पिऊ नये. कालवा नाही तिथं ‘टांका’ असतो, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी. त्या घराची कित्येक महिन्यांची तहान त्यावरच भागते. मालकाला विचारल्याशिवाय पोहरा सोडू नये.

पंक्चर : बाभळीचे काटे आणि सराटे फार. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान घ्यावं.

अंधार : रात्री रस्त्यावर उंट, गायी येतात. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा.

अडचण आली तर : कोलायत, फलोदी, रामदेवरा, पोकरणला रेल्वे स्टेशन आहे. गाड्यांच्या वेळा निघण्याआधीच लिहून घ्याव्यात.