कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतील प्रॉटेस्टंट मंडळ्या : ऐक्य आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून प्रेअरी हा शब्द गव्हाचे कोठार म्हणून परिचित आहे. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या कॅनडाच्या तीन प्रांतांतील हा मैदानी प्रदेश धार्मिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. १६ व्या शतकातील धर्मसुधारणेपासून प्रॉटेस्टंट पंथाचा इतिहास हा प्रामुख्याने विभाजनाचा इतिहास मानला जातो. १९२५ साली मात्र कॅनडातील मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ कॅनडा' स्थापन झाले. हे ऐक्य धर्मशास्त्रज्ञांच्या चर्चेतून जेवढे घडले, तेवढेच ते प्रेअरीवरील जमीन, अंतर आणि विरळ वस्ती यांच्या दडपणातून घडले, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर या ऐक्यातून कोण वगळले गेले, याचाही विचार केला आहे.

वसाहतपूर्व काळातील मिशन कार्य

शेतकरी वसाहतकारांच्या आगमनापूर्वी हा प्रदेश हडसन्स बे कंपनीच्या व्यापारक्षेत्रात मोडत होता. १८२० साली अँग्लिकन धर्मोपदेशक जॉन वेस्ट रेड रिव्हर वसाहतीत आले. १८४० मध्ये मेथॉडिस्ट मिशनरी जेम्स इव्हान्स यांनी नॉर्वे हाऊस येथे कार्य आरंभिले आणि क्री भाषेसाठी अक्षरचिन्हांची लिपी प्रचारात आणली. ओजिब्वे समाजातील हेन्री बर्ड स्टाइनहॉवर हे १८५५ साली मेथॉडिस्ट पाळक म्हणून दीक्षित झाले व त्यांनी सध्याच्या अल्बर्टातील व्हाइटफिश लेक येथे मंडळी उभारली. म्हणजेच या प्रदेशातील आरंभीच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मूलनिवासींच्या होत्या. पुढील काळातील घडामोडी समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जमीनवाटप आणि मंडळ्यांची आर्थिक कोंडी

१८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळण्याची सोय केली. जमिनीवर तीन वर्षे राहून ती लागवडीखाली आणणे बंधनकारक होते. संपूर्ण प्रदेश सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजण्यात आला. प्रत्येक चौकोनात ३६ विभाग होते. त्यांपैकी विषम क्रमांकाचे विभाग मुख्यत्वे रेल्वे कंपन्यांसाठी व शाळांसाठी, तर ८ व २६ क्रमांकाच्या विभागांतील बहुतांश जमीन हडसन्स बे कंपनीसाठी राखीव होती. परिणामी ३६ चौरस मैलांच्या एका चौकोनात मोफत जमिनीवर सुमारे ६५ कुटुंबेच वसू शकत होती. ही कुटुंबे चार पंथांत समान विभागली गेली असे मानले, तर प्रत्येक पंथाच्या वाट्याला जेमतेम सोळा घरे येतात. एवढ्या घरांच्या वर्गणीतून पाळकाचे वेतन, निवासस्थान आणि उपासनामंदिर यांचा खर्च भागणे अशक्य होते.

१८८१ पासून १९०२ मध्ये निधन होईपर्यंत प्रेस्बिटेरियन मिशन कार्याचे अधीक्षक असलेल्या जेम्स रॉबर्टसन यांनी पूर्वेकडील सधन मंडळ्यांकडून निधी जमवून ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला. तथापि, स्थलांतरितांची संख्या निधीपेक्षा वेगाने वाढली. सस्कॅचेवानची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ९१,००० होती, ती १९११ मध्ये सुमारे ४,९२,००० झाली. मोजक्या घरांच्या गावात दोन-तीन अर्धवट बांधलेली उपासनामंदिरे आणि अर्धपोटी पाळक, हे चित्र खर्चिक तर होतेच, शिवाय ते गावकऱ्यांना निरर्थकही वाटू लागले.

स्थानिक ऐक्यापासून राष्ट्रीय ऐक्यापर्यंत

ऐक्याच्या अटींचा मसुदा १९०८ साली तयार झाला. मूळ चर्चसंस्थांनी त्यास अंतिम मान्यता देण्यापूर्वीच, त्याच वर्षी, सस्कॅचेवानमधील मेलव्हिल या नव्या रेल्वेगावातील लोकांनी कोणत्याही एका पंथाची न होता संयुक्त मंडळी स्थापन केली. तिचे अनुकरण इतरत्र होत गेले आणि अशा स्थानिक संयुक्त मंडळ्यांची स्वतःची महापरिषदही अस्तित्वात आली. पूर्वेकडील नेत्यांपुढे यामुळे पेच निर्माण झाला. ऐक्य लांबणीवर टाकल्यास प्रेअरीवर एक नवाच पंथ उभा राहण्याची शक्यता होती.

अखेर १० जून १९२५ रोजी टोरांटो येथे ऐक्याचा सोहळा झाला. स्थानिक संयुक्त मंडळ्यांची महापरिषद ही ऐक्यातील चौथा घटक होती. सुमारे एक तृतीयांश प्रेस्बिटेरियन सभासद ऐक्याबाहेर राहिले. हा विरोध ओंटारिओत अधिक तीव्र होता, तर प्रेअरीवर तो तुलनेने क्षीण होता. अँग्लिकन, लुथरन, बॅप्टिस्ट आणि मेनोनाइट मंडळ्या आपापल्या मार्गाने चालत राहिल्या.

या घटनेचे पडसाद भारतातही शोधता येतात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने १८७७ मध्ये इंदूर येथे सुरू केलेले मध्य भारतातील मिशन कार्य ऐक्यानंतर मुख्यत्वे युनायटेड चर्चकडे आले. उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे ऐक्य पुढे १९७० साली नागपूर येथे झाले.

स्त्रिया आणि सामाजिक सुवार्ता

मंडळीच्या दैनंदिन अस्तित्वाचा भार बहुतांशी स्त्रियांनी वाहिला. महिला मंडळांनी आयोजित केलेली सामुदायिक भोजने, हस्तकलेच्या वस्तूंची विक्री यांतून इमारतींचे कर्ज फिटत असे. दीक्षेचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. सस्कॅचेवानच्या ग्रामीण भागात सेवा करणाऱ्या लिडिया ग्रुची यांना दीक्षा मिळावी यासाठी तेथील परिषदेने अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १९३६ साली मूस जॉ येथे त्या युनायटेड चर्चच्या पहिल्या दीक्षित स्त्री पाळक झाल्या.

मंडळ्यांचा राजकारणावरील प्रभावही दखलपात्र आहे. विनिपेगच्या कामगार वस्तीत कार्य केलेले मेथॉडिस्ट पाळक जे. एस. वुड्सवर्थ हे १९३२ साली स्थापन झालेल्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या पक्षाचे पहिले नेते झाले. वेबर्न येथील बॅप्टिस्ट पाळक टॉमी डग्लस यांनी अवर्षण व मंदीचे दारिद्र्य जवळून पाहिले. १९४४ मध्ये ते सस्कॅचेवानचे प्रीमियर झाले आणि १९४७ पासून तेथे सार्वजनिक रुग्णालय विमा लागू झाला. याच दशकांत अल्बर्टामध्ये विल्यम एबरहार्ट यांनी रेडिओवरील प्रवचनांच्या बळावर १९३५ साली सोशल क्रेडिट पक्षाला सत्तेवर आणले. समान परिस्थितीतून दोन भिन्न राजकीय प्रवाह निर्माण झाले, हे येथे लक्षणीय आहे.

ऐक्याची मर्यादा

ज्या जमिनीवर या मंडळ्या वसल्या ती १८७१ ते १८७७ या काळातील करारांद्वारे मूलनिवासींकडून घेण्यात आली होती. परस्पर सहकार्याचा पुरस्कार करणाऱ्या याच चर्चसंस्थांनी शासनाच्या साहाय्याने निवासी शाळा चालविल्या. बॅटलफर्ड येथे अँग्लिकनांची शाळा १८८३ मध्ये, तर रेजायना येथे प्रेस्बिटेरियनांची शाळा १८९१ मध्ये सुरू झाली. मुलांना कुटुंबापासून तोडून त्यांची भाषा दडपण्यात आली. इव्हान्स यांनी ज्या भाषेसाठी लिपी प्रचारात आणली होती, तीच भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागली. हा विरोधाभास प्रेअरीच्या धर्मेतिहासातील सर्वांत वेदनादायक भाग होय. युनायटेड चर्चने १९८६ मध्ये मूलनिवासींची, तर १९९८ मध्ये निवासी शाळांबाबत स्वतंत्रपणे क्षमा मागितली. सत्य व समेट आयोगाच्या २०१५ च्या अंतिम अहवालात या शाळांची सविस्तर नोंद आहे.

ग्रामीण ऱ्हास

सस्कॅचेवानमध्ये १९३६ साली सुमारे १,४२,००० शेते होती. २०२१ साली ती सुमारे ३४,००० उरली. यांत्रिकीकरणामुळे शेते मोठी झाली, रेल्वेच्या शाखामार्गांसोबत गावे ओस पडली आणि उपासनामंदिरे बंद होऊ लागली. धर्मनिरपेक्षतेचा प्रभावही वाढला. कॅनडाच्या लोकसंख्येतील युनायटेड चर्चच्या अनुयायांचे प्रमाण २०११ मधील ६.१ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३.३ टक्क्यांवर आले. दरम्यान, २००१ मध्ये अँग्लिकन आणि इव्हँजेलिकल लुथरन चर्च यांनी परस्परांच्या पाळकांना मान्यता दिली. त्यामुळे लहान गावांत एकच पाळक दोन्ही मंडळ्यांची सेवा करू शकतो. विरळ वस्तीने शतकापूर्वी शिकविलेला धडा येथे पुन्हा गिरवला जात आहे.

निष्कर्ष

प्रेअरीवरील ऐक्य हे केवळ आदर्शवादाचे फलित नव्हते, तसेच ती निव्वळ काटकसरही नव्हती. गरजेपोटी एकत्र आलेल्या लोकांना आपले मतभेद वाटले होते तेवढे मोठे नाहीत, याचा प्रत्यय आला आणि त्यातूनच आदर्श आकारास आला. मात्र हे ऐक्य मुख्यत्वे एकाच भाषेच्या व समान पार्श्वभूमीच्या शेजाऱ्यांमधील होते. राखीव क्षेत्राच्या सीमेपलीकडील शेजारी त्यात समान सभासद म्हणून सामावला गेला नाही. त्यामुळे या मंडळ्यांच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना मेलव्हिलची संयुक्त मंडळी आणि रेजायनाची निवासी शाळा या दोहोंचा एकत्रित विचार करणे अपरिहार्य ठरते.