गॅसची आडवी टाकी दोनच आधारांवर का ठेवतात?

एलपीजी बॉटलिंग प्लांटमध्ये गोल टोकांच्या लांबलचक आडव्या टाक्या दिसतात. त्यांना ‘बुलेट’ म्हणतात. अशा बहुतेक टाक्या दोनच आधारांवर ठेवलेल्या असतात. या आधाराला सॅडल, म्हणजे खोगीर, असे नाव आहे.

तिसरा आधार का नको?

तिवई डुगडुगत नाही, पण चार पायांचे टेबल डुगडुगते. इथेही तसेच आहे. दोन आधार असले की कोणावर किती वजन येणार हे नक्की सांगता येते. तिसरा दिला आणि त्याखालचा पाया थोडा जरी खचला, तर त्याचा भार उरलेल्या दोघांवर जातो. मग हिशेबाला अर्थ उरत नाही.

सॅडल नेमके कुठे बसवायचे?

टाकीला साधी तुळई मानले, तर प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २१ टक्के अंतर आत आधार देणे उत्तम ठरते. तिथे तुळईला वाकवणारा जोर मध्यभागी आणि आधारांवर सारखा होतो. पण टाकी ही भरीव तुळई नाही, ती पातळ पत्र्याची नळी आहे. अमेरिकन अभियंता एल. पी. झिक यांनी १९५१ मध्ये मांडलेली गणनापद्धत हाच फरक लक्षात घेते. एएसएमई या अमेरिकन संहितेतले सॅडलचे नियम तिच्यावरच आधारलेले आहेत.

एक ढोबळ हिशेब

टाकी १० मीटर लांब, २ मीटर व्यासाची, पत्रा १० मिलिमीटर जाड. पाण्याने भरल्यावर एकूण वजन सुमारे ३६ टन, म्हणजे प्रत्येक सॅडलवर १८ टन. सॅडलची रुंदी २५ सेंटीमीटर आणि ते टाकीला १२० अंशांत कवटाळते, असे धरू.

सॅडल टोकापासून २ मीटर आत ठेवले, तर तुळईसारखे वाकण्याचा ताण जेमतेम ३ मेगापास्कल येतो. पण सॅडल जिथे वर संपते, त्या कडेशी पत्र्यात सुमारे १५० मेगापास्कल ताण येतो! खालचा पत्रा सॅडलने घट्ट धरलेला असतो, वरचा मोकळा असतो आणि भाराने चपटा होऊ पाहतो. म्हणून तो नेमका त्या कडेशी मुडपतो.

आता तेच सॅडल टोकापासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर आणले. मध्यभागीचा ताण ११ मेगापास्कलपर्यंत वाढतो, पण कडेचा ताण ४५ च्या आसपास उतरतो. कारण टोकाचे घुमटाकार झाकण, म्हणजे डिश एंड, जवळच्या पत्र्याचा गोल आकार टिकवून धरते. जागा बदलता येत नसेल, तर सॅडल १५० अंशांचे करतात. मग तो ताण ९५ च्या आसपास येतो.

हिशेब पाण्याच्या वजनावर का?

टाकी वापरात आणण्याआधी पाणी भरून दाबचाचणी होते. द्रवरूप एलपीजी पाण्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो. त्यामुळे सॅडलची खरी परीक्षा बहुधा चाचणीच्या दिवशीच होते.

एक सॅडल सरकते का ठेवतात?

१० मीटर लांबीचे पोलाद ५० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे ६ मिलिमीटर वाढते. म्हणून एक सॅडल पक्के बसवतात आणि दुसऱ्याच्या बोल्टसाठी लांबट छिद्रे ठेवतात. ते सॅडल गंजून जाम झाले, तर वाढीचा सगळा जोर पायावर आणि पत्र्यावर येतो. देखभाल करताना ती छिद्रे मोकळी आहेत ना, हे पाहायचे ते यासाठीच.