सुकाणू कुठे वळतं ते आधी पाहा

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे आली ती आपली कार्यानुभवाची खोली. बाल्साचा भुसा, डोपचा उग्र वास आणि छताला टांगलेली एनसीसी एअर विंगची विमानं. रेडिओवर उडणाऱ्या त्या छोट्या विमानांचा थोडा इतिहास इथे सांगतो. त्यात माझी एक जुनी चूकही आहे.

रेडिओने यंत्र चालवता येतं हे निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला छोटी बोट चालवून दाखवलं. विमानापर्यंत यायला आणखी जवळपास चाळीस वर्षं लागली. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांचं 'बिग गफ' हे अगदी सुरुवातीच्या विमानांपैकी एक. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. सुरुवातीच्या बऱ्याच संचांत सुकाणू हलवायला पीळ दिलेलं रबर असे. बटण दाबलं की सुकाणू पूर्ण उजवीकडे, पुन्हा दाबलं की पूर्ण डावीकडे. मधलं काही नाही. १९६० च्या दशकात 'प्रपोर्शनल' संच रुळले. काडी जेवढी कलवाल तेवढंच सुकाणू वळू लागलं. ते वळवणारी चिमुकली मोटर म्हणजे सर्व्हो.

आपल्या शाळेत तोवर दोन तारांना बांधून गोल फिरणारीच विमानं होती. १९८६ मध्ये, आपण नववीत असताना, एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून जुना रेडिओ संच पाठवला. सरांनी तो बसवायला आम्हा चौघांना बोलावलं. रिसीव्हर स्पंजात गुंडाळायचा, म्हणजे इंजिनाची थरथर पोचत नाही. बॅटरी पुढे ठेवायची, म्हणजे विमान शेपटीकडे जड होत नाही. रिसीव्हरची अँटेना कापायची नाही, गुंडाळायची नाही. सर्व्हो मध्यावर आणून मगच त्याचा हात स्क्रूने पक्का करायचा. उडवण्याआधी ट्रान्समीटरची अँटेना मिटवून तीस पावलं चालत जायचं आणि सुकाणू हलतं का ते पाहायचं. शेवटी शेपटीमागे उभं राहून काडी उजवीकडे न्यायची. सुकाणूही उजवीकडेच वळलं पाहिजे.

त्या संचात दिशा उलटवायचं बटण नव्हतं. सर्व्होच्या हाताच्या कोणत्या टोकाला सळई जोडली, यावर दिशा ठरे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मी सळई काढून पुन्हा बसवली, ती दुसऱ्या टोकाला. सकाळी तीस पावलं चाललो, सुकाणू हललं. शेपटीमागे मात्र उभा राहिलो नाही. सरांनी विचारलं, "सगळं पाहिलंस ना?" मी म्हणालो, "हो सर."

ट्रान्समीटर आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या हातात होता. विमान डावीकडे झुकलं, त्याने काडी उजवीकडे नेली, ते आणखी डावीकडे वळलं आणि मैदानाच्या कडेला नाक खुपसून पडलं. "घाबरला," असं सगळे म्हणाले. अवशेष मीच गोळा केले. चुकीच्या टोकाला जोडलेली सळई पाहिली आणि गप्प बसलो. त्याने पुन्हा कधी ट्रान्समीटर हातात घेतला नाही.

त्यानंतर संच खूप बदलले. पूर्वी दोघांकडे एकाच चॅनेलचे क्रिस्टल असले तर विमान हमखास पडायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या संचात रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी जोडलेला असतो, त्यामुळे ती भीती गेली. दिशाही आता मेनूतून उलटवता येते. यंत्रातले बहुतेक दोष माणसाने एकेक करून काढले. पण सुकाणू बरोबर बाजूला वळतं की नाही, हे अजूनही कुणीतरी शेपटीमागे उभं राहून पाहावंच लागतं.

सर आज नाहीत. मित्र मात्र मेळाव्याला येणार आहे, असं कळलं. बाबा रे, त्या दिवशी तू बरोबर उडवत होतास. सळई मी उलटी बसवली होती. हे सांगायला फार उशीर केला. माझ्याकडे नवा संच आहे, तो मी घेऊन येतोय. शेपटीमागे मी उभा राहीन, काडी तू धर.