छातीवरचे पंख

निवतीसमोरच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकांचा पुंजका आहे. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. लाळेने घरटे बांधणारा हा पक्षी. त्या घरट्यांची चोरटी विक्री होते, म्हणून पक्षिमित्रांना या खडकांची राखण करावी लागली. पाकोळीचे पाय इतके दुबळे की फांदीवर बसणे तिला जमत नाही. कड्याला नखांनी लटकायचे, नाहीतर उडत राहायचे, एवढेच दोन पर्याय तिच्यापुढे असतात.

१९१३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरने आपल्या वैमानिकांसाठी छातीवर लावायचा एक बिल्ला मंजूर केला. त्यावरचे पंख पाकोळीच्याच जातकुळीतल्या पक्ष्याचे, असे मानतात. भूदलवाल्यांनी पाकोळी घेतली म्हटल्यावर आरमाराने दुसरा पक्षी शोधणे ओघानेच आले. त्याची हकीकत गमतीची सांगतात. मरे स्यूटर या आरमारी अधिकाऱ्याने पॅरिसहून बायकोसाठी सोन्याचा गरुडाचा ब्रूच आणला होता. गणवेश शिवणाऱ्या कंपनीच्या चित्रकाराने काढलेल्या पक्ष्यापेक्षा वरिष्ठांना तो ब्रूचच पसंत पडला, आणि १९१४ मध्ये तो आरमारी वैमानिकांच्या गणवेशावर चढला. पॅरिसचा गरुड, तोही बायकोच्या दागिन्यांच्या डब्यातून, इंग्रजांच्या अंगावर! १९१५ मध्ये मागे बसून टेहळणी करणाऱ्या निरीक्षकालाही बिल्ला मिळाला, पण पंख एकच. वैमानिकाला दोन आणि निरीक्षकाला एक, हा हिशेब तेव्हाचा.

आपल्याकडे या बिल्ल्याला कोणी बिल्ला म्हणत नाही. 'विंग्ज' म्हणतात. 'मुलाला विंग्ज मिळाले' एवढे वाक्य घरात आले की पेढे आणायला माणूस धावतो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणात झाला. तारकर्लीच्या वाळूत माणसांची रीघ लागली होती. मिग-२९के आणि नौदलाचे तेजस डोक्यावरून गेले तेव्हा लोक कानांवर हात ठेवून वर बघत होते. दाबोळीचा विमानतळ इथून सरळ रेषेत पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या विमानांना पाच-सहा मिनिटांची वाट. त्या गर्दीतल्या कित्येक आयांच्या मनात एकच प्रश्न आला असेल: माझ्या पोराला तिथे बसायचे असेल तर कोणाला भेटायचे? उत्तर शोधायचे तर त्या सोनेरी पंखांच्या मागे मागे जावे लागते.

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्याआधी सहा हिंदी तरुण इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकायला गेले होते. त्यांतले पाच वैमानिक झाले. सहावा, जे. एन. टंडन, उंचीने कमी भरला म्हणून त्याच्या वाट्याला सामानसुमानाचा विभाग आला. म्हणजे पहिल्याच तुकडीत, पहिल्याच दिवशी, माणसाची वाट फूटपट्टीने ठरली. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या द्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची चारच विमाने होती.

मराठी नावे थोडी उशिरा दिसू लागतात. हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये हवाई दलात आले. काश्मीरच्या पहिल्या युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख होते. पुढे अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी याच खुर्चीत बसले. आडनावे वाचून छाती फुगवायची असेल तर फुगवावी. मला मात्र त्याहून मोठे काम विष्णू माधव घाटगे यांचे वाटते, आणि ते वैमानिक नव्हतेच. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकून आलेल्या या इंजिनिअरने हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवले. १९५१ मध्ये ते उडाले. त्यानंतर किरण आले, १९६४ मध्ये. पुढच्या कित्येक तुकड्यांना विंग्ज मिळाले ते या दोन विमानांवर हात बसवूनच. पदक छातीवर लागते, पण हात ज्याच्यावर बसला ते यंत्र कोणी घडवले हे कोणी विचारत नाही.

नौदलाची कथा किनाऱ्याला जवळची. ११ मे १९५३ ला कोचीत आयएनएस गरुड हा पहिला नौदल हवाई तळ सुरू झाला. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये विमानवाहू विक्रांत दाखल झाली आणि १८ मे १९६१ ला लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिल्यांदा सी हॉक उतरवले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला आपल्या कॅनबेरा विमानांनी पोर्तुगिजांच्या दाबोळी धावपट्टीवर बाँब टाकले. गोवा मुक्त झाला, धावपट्टी दुरुस्त झाली, आणि १९६४ मध्ये कोइंबतूरजवळच्या सुलूरहून आयएनएस हंस तिथे हलवला गेला. तेव्हापासून सिंधुदुर्गाच्या शेजारी, तेरेखोलच्या पलीकडे, नौदलाचे लढाऊ वैमानिक राहतात.

इथे एक अवांतर. नौदलाने आपल्या हवाई तळांना पक्ष्यांची नावे द्यायची रीत पाडली आहे. कोचीचा गरुड, गोव्याचा हंस, विशाखापट्टणमचा देगा म्हणजे तेलुगूतला ससाणा, अरक्कोणमचा राजाली, मुंबईचा शिक्रा, पोर्ट ब्लेअरचा उत्क्रोश, निकोबारकडचा बाझ. बहुतेक शिकारी. ज्या पाकोळीपासून हे सारे सुरू झाले तिचे नाव एकाही तळाला नाही.

आता फाट्यांकडे येऊ. शिकाऊ वैमानिकाला पहिल्या टप्प्याअखेर फाटा फुटतो: फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर. आवड विचारतात, पण आवडीबरोबर गुणानुक्रम, प्रशिक्षकांचे मत आणि त्या वर्षीच्या जागा हेही बोलतात. डुंडिगलला पिलाटसवर पहिला सोलो करणारा जवळपास प्रत्येक पोरगा फायटर मागतो. ज्यांना ट्रान्सपोर्ट मिळते ते काही दिवस गप्प असतात, मग चारचार इंजिनांच्या विमानाची गोडी लागते. या काळातला सगळ्यांत धास्तीचा शब्द 'सस्पेंड'. हात बसत नाही असे ठरले की उड्डाण थांबते आणि विंग्ज न लागताच माणूस दुसऱ्या शाखेत जातो.

फायटर मिळाले म्हणजे भाग्य उजळले, असेही नाही. कित्येक वर्षे किरणवरून मुले थेट मिग-२१ वर जात. पहिल्या विमानाचा स्वभाव सौम्य, दुसरे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. मधली पायरी हवी, प्रगत शिकाऊ विमान हवे, हे १९८२ मध्ये ला फॉन्टेन समितीने सांगून ठेवले होते. १७ सप्टेंबर २००१ ला पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ सुरतगढला कोसळले आणि ते गेले. आई कविता गाडगीळ आणि स्वतः हवाई दलात वैमानिक राहिलेले वडील अनिल गाडगीळ यांनी विमान-सुरक्षेचा प्रश्न धरून ठेवला, जाहीरपणे विचारत राहिले. मार्च २००४ मध्ये ६६ हॉक विमानांचा करार झाला आणि २००८ मध्ये बिदरला ती दाखल झाली. समितीचा कागद आणि विमानाची धावपट्टी यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. त्या वर्षांत ज्यांनी फायटर मागितले आणि ज्यांना ते मिळाले, त्यांच्या निवडीची खरी किंमत त्यांना कोणी आधी सांगितली नव्हती.

नौदलात फायटरचा फाटा आणखी अरुंद. तिथे शेवटची परीक्षा जहाजाच्या डेकवर. विमानाच्या शेपटाखालचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकला पाहिजे. ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांत शून्यावर येतो, शंभर मीटरच्या आत. तार चुकली तर पुन्हा आभाळ गाठायचे, म्हणून चाके टेकताच इंजिन बंद करायचे नाही, उलट पूर्ण जोर द्यायचा. होडी धक्क्याला लावताना शीड उतरवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेड वाटेल.

याच कामातले एक नाव मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे असे आहे: कमोडोर जयदीप मावळणकर. आडनाव ऐकताच कोकणातला कोणीही कान टवकारील. फायटर वैमानिकापुढे एक वाट अशी असते की चालत्या स्क्वाड्रनमध्ये बढत्या घेत जायचे. दुसरी अशी की टेस्ट पायलट व्हायचे आणि जे विमान अजून विमान झालेले नाही त्यात बसायचे. मावळणकर दुसऱ्या वाटेचे. २०१२ च्या एप्रिलमध्ये नौदलाच्या तेजसचे पहिले उड्डाण झाले तेव्हा ते त्यात होते. २० डिसेंबर २०१४ ला दाबोळीला जहाजाच्या डेकसारखी बांधलेली चढण वापरून ते विमान त्यांनीच उडवले. १३ सप्टेंबर २०१९ ला दाबोळीच्याच धावपट्टीवर त्या विमानाने तार धरली, आणि ११ जानेवारी २०२० ला मावळणकरांनी ते विमानवाहू विक्रमादित्यच्या डेकवर उतरवले. एका विमानासाठी आठ वर्षे! आणि एवढे करून नौदलाने आपल्या जहाजांसाठी ते विमान घेतले नाही. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला. टेस्ट पायलटच्या वाटेवर हे धरूनच चालावे लागते. तारकर्लीवर लोकांनी पाहिले ते तेजस या कष्टांतून आलेले.

विंग्ज मिळाल्यावरच्या वाटा घरच्यांना फारशा ठाऊक नसतात. शॉर्ट सर्व्हिसने हवाई दलात आलेल्याची चौदा वर्षे असतात. पेन्शनला वीस लागतात. छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, मुले प्राथमिक शाळेत असताना, पुन्हा उमेदवार व्हायचे. काही दलात असतानाच प्रशिक्षक होतात आणि ताम्बरमला शिकवायला शिकतात. बरेच जण प्रवासी विमानांकडे वळतात. कॅप्टन दीपक साठे हवाई दल अकादमीचे मानाची तलवार मिळालेले वैमानिक. २००३ मध्ये दल सोडून ते नागरी विमानांवर गेले आणि ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडच्या अपघातात त्यांचा अंत झाला. आणि एखादा अभिलाष टॉमीसारखा निघतो. डॉर्नियर उडवणारा हा नौदलाचा वैमानिक गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेवर चढला आणि २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. या सागर परिक्रमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची.

मुलींसाठी हा फाटा उशिरा उघडला. हवाई दलात १९९० च्या दशकात त्या आल्या, पण ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टरवर. फायटरवर १८ जून २०१६ ला तिघी आल्या. नौदलात शिवांगी २ डिसेंबर २०१९ ला पहिल्या महिला वैमानिक झाल्या. ३ जुलै २०२५ ला आयएनएस देगावर आस्था पुनिया यांना सोनेरी विंग्ज मिळाले आणि नौदलाच्या फायटर वाटेवर पहिली मुलगी आली.

आंबोलीच्या सैनिक स्कूलमधले, किंवा १९७७ पासून चालत आलेल्या संभाजीनगरच्या एसपीआय या सैन्यप्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या संस्थेतले पोर एनडीएची लेखी आणि मुलाखत पार करून पुढे येते तेव्हा त्याची गाठ टंडनच्या फूटपट्टीशी पडते. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी ६४ च्या आत, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. कॉकपिटचे माप आधी ठरलेले असते, माणूस त्यात मावायला हवा. आणि मापांच्याही आधी वैमानिकाचे कसब पाहणारी चाचणी: पूर्वी पीएबीटी, आता संगणकावरची सीपीएसएस. जुन्या यंत्रावर हातात दांडा, पायाखाली पेडल आणि पडद्यावर पळणारा प्रकाशाचा ठिपका असे. ठिपका चौकोनात ठेवायचा. मध्येच दिवा लागतो, भोंगा वाजतो, तोही बंद करायचा, आणि ठिपका सोडायचा नाही. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झाला तर पुढच्या वर्षी नाही, दुसऱ्या मार्गाने अर्ज केला तरी नाही.

मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे निघालेल्या होडीत तांडेल कधी कधी पोराच्या हातात सुकाणू देतो. पद्मगडाजवळची खडपे पाण्याखाली असतात, पोर चुकते, होडी घासते. बापाची एक शिवी बसते आणि सुकाणू पोराच्याच हातात राहते.