फळ निवडावे की झाड?
टोमॅटोच्या पिढीजात वाणांचा इतिहास

भाजीवाल्याच्या पाटीतले टोमॅटो पाहिले, तर त्यांचा सारखेपणा चटकन डोळ्यांत भरतो. आकार सारखा, साल गुळगुळीत, रंग देठापासून टोकापर्यंत एकसमान लाल. टोमॅटो असाच असतो, असे आपण धरून चालतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र शेतातला टोमॅटो बहुधा भोपळ्यासारखा कंगोरेदार, वेडावाकडा आणि आतून पोकळ असे. आजही जगात अनेक ठिकाणी हौशी लोक आपल्या परसबागेत गुलाबी, जांभळट, पिवळे, पिकल्यावरही हिरवेच राहणारे टोमॅटो लावतात. आजोबांकडून नातवाकडे बियांच्या पुडीतून आलेल्या अशा वाणांना इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात. आपण त्यांना पिढीजात वाण म्हणू. एवढ्या विविधतेतून पाटीतला सारखेपणा कसा आला, त्यात काय मिळाले आणि काय गमावले, हे या लेखात पाहू.

वेलवांगी ते टोमॅटो

टोमॅटोचे रानटी नातेवाईक दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, मुख्यतः आजच्या पेरू आणि इक्वेडोर या देशांत आढळतात. त्यांतल्या एका जातीची फळे जेमतेम वाटाण्याएवढी, पण लाल आणि खाण्याजोगी असतात. मोठ्या फळांचा टोमॅटो मात्र मेक्सिकोच्या परिसरात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेतांत घडला. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'टोमाट्ल' या शब्दावरूनच आपला 'टोमॅटो' आला.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याची नोंद केली. हे फळ पिकल्यावर सोनेरी होते आणि लोक ते वांग्यासारखे खातात, असे त्याने लिहिले. इटालियन भाषेत टोमॅटोला आजही 'सोन्याचे सफरचंद' अशा अर्थाचे नाव आहे. मौज अशी की मराठीतही टोमॅटोला 'वेलवांगे' हे एक जुने नाव आहे. विदर्भात त्याला 'भेदरे' म्हणतात. इटालियन वैद्याला आणि मराठी माणसाला वेगवेगळ्या काळी एकच साम्य दिसले, आणि ते बरोबरही होते. टोमॅटो आणि वांगे दोन्ही सोलॅनम या एकाच प्रजातीत मोडतात.

या प्रवासात टोमॅटोच्या फुलात एक बदल झाला. त्याच्या अनेक रानटी नातेवाइकांत कुक्षी ही परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते, त्यामुळे माश्या दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिच्यावर टाकू शकतात. बागेतल्या बहुतेक टोमॅटोंत मात्र कुक्षीवृंत आखूड असतो आणि कुक्षी नळीच्या आतच राहते. मूळ प्रदेशातल्या माश्यांपासून दूर गेल्यावर स्वतःच्या परागांवर फळ धरणारी झाडेच टिकली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. कुक्षीवृंताची लांबी ठरवणारे एक महत्त्वाचे जनुक २००७ साली शास्त्रज्ञांनी ओळखले.

या बदलाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. स्वपरागण होत असल्यामुळे टोमॅटोचे बी पेरले की बहुधा आईसारखेच झाड येते. भोपळ्याचे किंवा मक्याचे वाण शुद्ध राखायला बरीच खटपट करावी लागते. टोमॅटोचे वाण मात्र अंगणात चार झाडे लावणारी आजीही पन्नास वर्षे राखू शकते.

लिव्हिंग्स्टन यांचा शोध

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रेनॉल्ड्सबर्ग येथे अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन (१८२१–१८९८) हे बी-उत्पादक राहत. टोमॅटो गुळगुळीत आणि भरीव व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे खटपट करत होते. त्यांची रीत साधी होती. शेतातली उत्तम फळे वेचायची आणि त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरायचे. सगळे शेतकरी हेच करत. पण दरवर्षी पुन्हा तीच वेडीवाकडी फळे येत.

एके दिवशी शेतात त्यांना एक वेगळे झाड दिसले. त्याची सगळीच फळे गुळगुळीत आणि एकसारखी होती, मात्र आकाराने लहान. उत्तम फळ शोधणाऱ्याने त्या झाडाकडे पाहिलेही नसते. लिव्हिंग्स्टन यांनी मात्र त्याचे बी वेगळे राखले आणि वेगळे पेरले. संतती आईसारखीच गुळगुळीत निघाली. मग त्या संततीतून मोठ्या फळांची झाडे ते निवडत गेले. १८७० साली 'पॅरागॉन' हे वाण त्यांनी बाजारात आणले. पुढे त्यांनी अशी अनेक वाणे तयार केली. आपल्या अनुभवावर त्यांनी १८९३ साली पुस्तकही लिहिले.

फळ निवडून जे साधले नाही, ते झाड निवडून का साधले? एकाच झाडावर एक फळ सुबक आणि दुसरे बेढब असू शकते. पाणी, ऊन, फांदीवरची जागा यांचा तो परिणाम असतो. पण स्वपरागण होणाऱ्या शुद्ध वाणात त्या दोन्ही फळांतल्या बियांत आनुवंशिक फरक जवळजवळ नसतो. म्हणून एकाच झाडाच्या फळांत निवड करणे व्यर्थ. निवड करायची ती झाडाझाडांतून. मेंडेल यांचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ साली छापला गेला, पण १९०० सालापर्यंत त्याची कोणी दखल घेतली नाही. लिव्हिंग्स्टन यांनी आपली रीत शोधली ती केवळ निरीक्षणातून.

बाजाराने काय निवडले?

विसाव्या शतकात निवडीची कसोटी बदलली. टोमॅटो दूरच्या शहरांत जाऊ लागला, डब्यांत भरला जाऊ लागला. जुन्या टोमॅटोचे कच्चे फळ देठाजवळ गडद हिरवे असते, म्हणजे त्याला 'हिरवे खांदे' असतात. साधारण १९३० च्या सुमारास एक उत्परिवर्तन लक्षात आले. त्यात कच्चे फळ सर्वत्र फिकट हिरवे दिसते आणि सारखे पिकते. तोडणीची वेळ ओळखणे त्यामुळे सोपे झाले. हा गुण व्यापारी वाणांत झपाट्याने पसरला.

त्याची किंमत २०१२ साली कळली. या गुणामागचे जनुक ओळखल्यावर असे दिसले, की ते जनुक चालू असेल तर फळात हरितलवके भरपूर तयार होतात. म्हणजे फळ स्वतःही थोडे प्रकाशसंश्लेषण करते आणि त्यात साखर वाढते. सारखे पिकणाऱ्या टोमॅटोत हे जनुक निकामी झालेले असते. दिसायला सुंदर फळ निवडताना सुमारे सत्तर वर्षे आपण थोडी गोडीही टाकून देत होतो, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

याच काळात कॅलिफोर्नियात यंत्राने तोडता येईल असा टोमॅटो घडवला गेला. १९६४ साली मेक्सिकन मजूर आणण्याचा सरकारी करार संपला आणि ही यंत्रे वेगाने पसरली. डब्यांत भरण्यासाठी आता टणक आणि एकाच वेळी पिकणारे फळ हवे होते. २०१७ साली सुमारे चारशे वाणांच्या अभ्यासात असे आढळले, की स्वादाशी निगडित १३ सुगंधी द्रव्ये आधुनिक वाणांत जुन्यांपेक्षा लक्षणीय कमी आहेत. चव बिघडवायची कोणाची इच्छा नव्हती. चव निवडीच्या कसोटीतच नव्हती, एवढेच. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते, म्हणून ती हळूहळू गळत गेली.

पुडीतले बी

जुने गुण टिकले ते परसबागांत. पश्चिम व्हर्जिनियात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या बाइल्स नावाच्या कारागिराने मोठ्या फळांच्या वाणांचा संकर करून एक प्रचंड गुलाबी टोमॅटो तयार केला. १९४० च्या दशकात त्याची रोपे एकेका डॉलरला विकून आपण सहा वर्षांत घराचे सहा हजार डॉलर कर्ज फेडले, असे तो सांगे. म्हणून त्या वाणाचे नाव पडले 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे कर्जफेड्या. १९७५ साली डायान ऑट व्हीली आणि केंट व्हीली या दांपत्याने बी राखणाऱ्यांना एकत्र आणणारी संस्था सुरू केली. तिचे मूळ होते डायान यांच्या आजोबांनी दिलेल्या बियांत. त्यांच्या घराण्याने बव्हेरियातून आणलेला गुलाबी टोमॅटो त्यांत होता.

मात्र जुने ते सारे सोने असे समजू नये. 'कर्जफेड्या' हे विसाव्या शतकातलेच वाण आहे. पिढीजात टोमॅटो रंगारूपाने कितीही वेगळे दिसले, तरी त्यांच्यातली आनुवंशिक विविधता रानटी जातींच्या मानाने फारच थोडी आहे. ते रोगांना लवकर बळी पडतात. मर रोग, सूत्रकृमी, पाने गुंडाळणारा विषाणू यांच्याशी झुंजणारी जनुके संशोधकांनी मिळवली ती रानटी जातींतून. ज्याचे पोट टोमॅटोवर आहे, अशा शेतकऱ्याला रोगप्रतिकारक संकरित वाण हवेच. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पुडीत राखता येते ते सरळ वाणाचे बी.

आपल्याकडे 'पुसा रुबी' हे असे सरळ वाण आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ते 'सू' हे अमेरिकन वाण आणि 'इम्प्रूव्हड मेरठी' यांच्या संकरातून घडवले. घरचे बी राखण्याचा आणि वाटण्याचा शेतकऱ्यांचा हक्क आपल्या २००१ सालच्या कायद्याने मान्य केला आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी गोळा करून बीजबँक उभारली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

शाळेच्या बागेत

लिव्हिंग्स्टन यांचा धडा मुलांना स्वतः पडताळून पाहता येईल. सरळ वाणाची दहा-बारा झाडे लावा. एका निरोगी झाडाचे सर्वांत सुबक फळ आणि त्याच झाडाचे सर्वांत बेढब, पण न किडलेले फळ निवडा. दोन्ही पूर्ण पिकू द्या. दोहोंचा गर बियांसकट वेगवेगळ्या भांड्यांत थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटेल. हे आवरण उगवण रोखते. तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवा आणि नावे, तारीख घालून कागदी पुड्यांत ठेवा. पुढच्या हंगामात दोन वाफ्यांत पेरा. फळे धरली, की कोणता वाफा कोणाचा हे न सांगता मुलांना ओळखायला सांगा.

आणखी एक काम त्यांच्याकडे द्यावे. पुढच्या वर्षासाठी झाड निवडताना कोणकोणते गुण पाहायचे, याची यादी त्यांनीच करावी, आणि तीत चवीला जागा आहे की नाही ते पाहावे.